पेपर नको म्हणाली ती माझी वनिता

माझा नवरा आमच्या मुलीसमोर उकिडवा बसला, हात जोडले आणि म्हणाला, "आये, छातीन दुखतं. जालं ओढताना जास्त दुखतं. काय करू?"

मुलगी पाटावर बसली होती. केस मोकळे, कपाळभर मळवट, अंगावर माझ्या लग्नातली हिरवी साडी. अठरा वर्षांची पोर. पुढे-मागे डुलत होती. ओटीवर आणि बाहेर अंगणात माणसं दाटली होती. तिने परातीतून चिमूटभर राख उचलली, बापाच्या छातीला लावली आणि म्हणाली, "काय नाय होनार, लेकरा. पाच मंगलवार अंगारा लाव."

बापाला ती लेकरा म्हणाली. त्याने मान खाली घालून राख लावून घेतली.

आदल्या संध्याकाळीच मी त्याला म्हटलं होतं, वाशीला डॉक्टरकडे जाऊ. तर म्हणाला, "घरान देवी बसलेली असताना डॉक्टर कशाला?" पुढच्या मंगळवारच्या आत तो ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात पडला. बरोबरच्यांनी उचलून आणला तेव्हा छातीवरची राख चिखलाने पुसून गेली होती.

हे सगळं एका परीक्षेवरून झालं. डॉक्टरीच्या प्रवेश परीक्षेवरून. आता घरोघर मुलं त्या परीक्षेला बसतात, त्यांच्या आया देवळात बसतात. त्यांच्यातल्या कोणाच्या उपयोगाला आलं तर यावं, म्हणून लिहिते. मी चौथी शिकलेली आहे. आजाराची शास्त्रीय माहिती माझ्याकडे नाही. घरात काय झालं ते सांगते.

डॉक्टरीनबाई

आम्ही सारसोळ्याचे, वाशीजवळच्या खाडीकाठचे. नवरा खाडीत मासे धरायचा, मी टोपली घेऊन विकायला जायची. गावाभोवतीची शेतं, मिठागरं नव्या शहरासाठी गेली आणि जिथे भात व्हायचा तिथे चार-चार मजल्यांच्या इमारती उठल्या. गावातल्या पोरांना त्या इमारतींवर वॉचमनची नोकरी मिळाली तर नशीब समजायचं.

त्यात आमची वनिता हुशार निघाली. एकुलती एक. मी ओट्यावर मासे कापायला बसले की ती शेजारी येऊन बसायची. बोटाच्या टोकाने आतलं काढून दाखवायची. "आये, हे बघ, याचं कालीज. याला दोनच कप्पे. आपल्याला चार." मी म्हणायची, "दोन असो का चार, गिऱ्हाईक फेकूनच देतं." ती हसायची. तेव्हा हसायची.

दहावीला तिला चांगले मार्क पडले आणि त्या दिवसापासून गावाने तिचं नावच बदललं. नळावर गेली की बाया म्हणायच्या, "डॉक्टरीनबाईला पुढं जाऊ द्या गं." शेजारची जनाबाई, माझ्या बरोबरीने टोपली घेऊन जाणारी, ती तर रोज गुडघा उघडा करून दारात बसायची. "बघ गं, आतापासून बघून ठेव. डॉक्टर झाल्यावर पयला गुडघा माझा." चेष्टाच होती. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. गावाला शहाणं माणूस हवं होतं, आणि सगळ्या गावात मिळून ते एकच दिसत होतं. माझा नवरा तर खाडीवर जातानासुद्धा लोकांना सांगायचा, माझी पोर सफेद कोट घालनार.

आमच्याकडे त्या काळी बारावीच्या मार्कांवरच डॉक्टरीला जागा मिळायची. पण बाहेरच्या एका मोठ्या कॉलेजची वेगळी प्रवेश परीक्षा असे. तिच्या सरांनी सांगितलं, ही पण दे, दोनातलं एक तरी दार उघडेल. सगळ्यांनी ऐकलं, दोन दारं. वनिताने काय ऐकलं ते आम्हाला फार उशिरा कळलं. तिने ऐकलं की आता दोनदा नापास होता येतं.

जेवण

दिवाळीनंतर ती सकाळी ओकायला लागली. आधी वाटलं पित्त. मग जेवण कमी झालं. तिला आवडणारे निवटीचे मासे केले तरी ताट सरकवायची. हात कायम गार आणि ओले. लिहिताना वहीवर ओला डाग पडायचा, तिथे शाई फुटायची, मग ती ते पान फाडायची. पाळी थांबली. केस गळायला लागले. पुस्तक उघडून बसायची, पण पान उलटायचा आवाज येत नसे.

सासूबाईंनी मीठ-मिरची ओवाळून दृष्ट काढली. गावातल्या डॉक्टरने रक्त कमी आहे म्हणून लाल बाटली दिली. मी विचारलं, "काय होतंय तुला?" तर म्हणाली, "काय नाय. अभ्यास." त्या शेवटच्या शब्दापुढे मला काही विचारता येत नव्हतं. अभ्यास ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मासळी सडली तर मला वासावरून कळतं. पोर आतून सडत चालली तर ते कशावरून ओळखायचं?

बारावीचे पेपर तिने कसेबसे दिले. प्रत्येक पेपरला जायच्या आधी परसाकडे चार-चारदा जायची. आम्ही म्हटलं, आता एकच राहिली, मोठी परीक्षा.

परीक्षेची सकाळ

पेपर मुंबईला एका शाळेत होता. लवकरची बस धरायची होती. आमच्यात नवी होडी पहिल्यांदा पाण्यात घालतात तेव्हा सगळी आळी जमते, ओवाळतात, नारळ फोडतात. गावाने ठरवलं, वनितालाही असंच पाठवायचं. कोणी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

दार उघडलं तर अख्खी आळी अंगणात. बायांच्या हातात ताटं, पुरुष धुतलेले कपडे घालून उभे. म्हाताऱ्या कोवळ्या उन्हात बसलेल्या. तिच्या बापाच्या हातात नारळ. वनिता उंबऱ्यात आली, समोर बघितलं आणि तिथेच तिचा श्वास जोरात चालायला लागला. भात्यासारखा. दात वाजायला लागले. डोळे वर गेले. वेणी सुटली. हाताची बोटं ताठ होऊन आत वळली, अंगठा तळव्यात, मनगट वाकडं. आमच्या गावदेवीच्या मूर्तीचा हात तसाच आहे.

सासूबाई ओरडल्या, "आई आयली. पोरीच्या अंगान आई आयली."

क्षणात सगळ्यांनी हात जोडले. कोणी तिच्या पायावर पाणी ओतलं, कोणी कपाळावर कुंकू फासलं. माझ्या नवऱ्याने नारळ तिच्या पायाशी ठेवला आणि विचारलं, "आई, माझी पोर पास होईल का?"

तिने दात आवळले होते. त्यांच्यामधून शब्द आले. "पेपर नको."

परत विचारलं. परत तेच. "पेपर नको. मना पेपर नको."

मुलगी आपल्या तोंडाने, आपल्या आवाजात, बापाला सांगत होती. आणि सगळ्या गावाने ते देवीचं समजून डोक्याला लावलं. देवीनं पोरीला अडवलं, पुढं काहीतरी घात असणार, म्हणाले. बस निघून गेली. वनिता निजली ती दुपारपर्यंत निजली. उठल्यावर म्हणाली, भूक लागली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

मंगळवार

मग मंगळवार सुरू झाले. सासूबाईंनी पाट मांडला. आधी आळीतले आले, मग नेरूळचे, कराव्याचे. पुढे नव्या इमारतींतल्या बायाही यायला लागल्या, चपला ओळीत काढून. कोणाला जमिनीच्या पैशाचं विचारायचं, कोणाला मुलाच्या नोकरीचं. वनिता श्वास चढवायची, थरथरायची, दोन शब्द बोलायची. बुधवारी पुन्हा साधी पोर. जेवायची, झोपायची, अंगावर जरा मांस आलं. बारावीचे मार्क डॉक्टरीला पुरले नाहीत, पुस्तकं माळ्यावर गेली. तिला कोणी डॉक्टरीनबाई म्हणेना. तिला कोणी काहीच विचारेना, सगळे देवीला विचारत.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी तिला सरळ विचारलं, खरं होतं का खोटं? ती म्हणाली, "पयल्या दिवशी मना काय झालं ते आठवत नाय. नंतर अर्धं कळायचं. थरथर खरी होती, आये. बोलायचे मी. तिथं बसलं की कोन अभ्यासाचं विचारत नव्हतं."

मी त्या वेळी म्हटलं, पोर जेवते आहे, सध्या जेवू दे. नवऱ्याला मात्र ते सगळं पूर्ण खरं वाटलं. सफेद कोट गेला, पण देवी घरात आली, त्याला तेही मोठंच वाटलं. दसऱ्यानंतर त्याच्या छातीत दुखायला लागलं. आणि त्याने ते कुणाला विचारलं, ते वर सांगितलं.

हात

त्याला नेल्यावर वनिता अंगणातल्या नळाखाली बसली आणि कपाळ घासत राहिली. कुंकू कधीच गेलं होतं. कातडी सोलली तरी घासत होती. मी हात धरून उठवली. त्यानंतर ती बोलली नाही. कोणाशीच. पाणी पाजलं तर प्यायची, नाही तर नाही.

सासूबाईंचा पोटचा मुलगा गेला होता, त्यांना दोष कसा देऊ. पण त्या म्हणाल्या, "पाटावर बसवा. आईलाच विचारू, असं का केलंस?" मी तो पाट उचलला, ओट्यावर नेला आणि त्याच्यावर बसून मासे कापले. सासूबाई म्हणाल्या, "देवी कोपेल." मी म्हटलं, "कोपू दे. माझं नाव सांगा तिला." आळीने आमच्याकडे येणं-जाणं सोडलं. जनाबाई तेवढी यायची.

जनाबाईच्या भावाने मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलात मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात म्हणून सांगितलं. मी आणि जनाबाई दोघींनी मिळून वनिताला बसमध्ये घातली आणि खाडीपूल ओलांडला. तिथे एक डॉक्टरबाई होत्या, जाड भिंगांच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. देवीचं ऐकून हसल्या नाहीत. बोटं कशी वळायची ते माझ्याकडून करून घेतलं. मग म्हणाल्या, "आजी, तुम्ही आता जोरात श्वास घ्या. मी थांबा म्हणेपर्यंत." मी काही आजी नव्हते, चाळिशीतली होते, पण त्या दिवसांत दिसत असेन तशी.

मी भराभर श्वास घेतला. डोकं हलकं झालं. ओठांना मुंग्या आल्या. मग माझी बोटं ताठ व्हायला लागली आणि अंगठा आपोआप आत वळला. मी माझ्या हाताकडे बघत बसले. कोपऱ्यात जनाबाईने सवयीने हात जोडले, मग माझ्याकडे बघून सोडले.

"श्वास फार भरभर झाला की कोणाचंही असं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हिला परीक्षेची भीती बसली. ती वाढत वाढत आजार झाली."

मला राग आला. मी म्हटलं, "एवढंच? परीक्षेची भीती? माझा नवरा मेला, बाई. आणि त्याचं कारण एवढंसं?"

त्या म्हणाल्या, "हो. एवढंच होतं. सुरुवातीला आला असतात तर सोपं होतं. आता वेळ लागेल."

खोटं बोलल्या नाहीत, हे मला बरं वाटलं.

वॉर्ड

तिला दाखल करून घेतलं. बायकांचा वॉर्ड, उंच खिडक्या, सकाळी फिनेलचा वास. मी पहाटे मासे घ्यायची, वाशीच्या सेक्टरांत दारोदार विकायची आणि रिकामी टोपली घेऊन दुपारी हॉस्पिटलात. वॉचमन टोपली आत नेऊ देत नसे. गेटशी ठेवायची. एकदा त्याने विचारलं, "मौशी, पापलेट नाही आणत कधी?" मी म्हटलं, "तू टोपली आत सोड, मग पापलेटचं बघू." सोडली नाही.

शेजारच्या खाटेवर एक पोक्त बाई होती. तिची स्वतःची दोन मुलं तिला भेटायला येत नसत. ती रोज वनिताचे केस विंचरायची, गळलेले केस गुंडाळून खिडकीतून टाकायची. तिचं नाव मी विचारलंच नाही, आणि एक दिवस ती खाट रिकामी दिसली. घरी गेली म्हणाले. गेली असेल.

गोळ्या चालू होत्या. आठवडे गेले. एक दिवस मी खाटेवर बसून पोरीच्या गालावरून हात फिरवला, तर तोंड वाकडं करून म्हणाली, "आये, हात धुऊन ये. बोंबलाचा वास येतो."

मी उठले, मोरीवर गेले, हात धुतले आणि तिथे उभी राहून रडले. मग परत येऊन म्हटलं, "बोंबील नव्हते. मांदेली होती."

काय केलं

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना हेच हवं असेल, म्हणून सांगते. आम्हाला जे सांगितलं ते आम्ही केलं, बाकी माझं ज्ञान नाही.

श्वास सोडायचा तो घेतल्यापेक्षा सावकाश. बोटांच्या पेरांवर मोजत. हे बरं असताना करायचं, रोज, म्हणजे वाईट वेळी आठवतं. घाबरल्यावर शिकायला गेलं तर जमत नाही.

जे भिववतं त्याच्या जरा जरा जवळ जायचं. घरी आल्यावर आधी तिने नुसतं पेन हातात धरलं. मग जुना पेपर समोर ठेवला, वाचला नाही. मग एक प्रश्न वाचला. मी शेजारी मासे साफ करत असायची. थरथर आली तर ती थांबायची, उठायची नाही. डॉक्टरबाईंचं म्हणणं होतं, थरथर येणारच, ती येऊन जाईपर्यंत बसून राहायचं. नंतर एका रविवारी आम्ही दोघी मुंबईला परीक्षेच्या त्या शाळेपर्यंत गेलो आणि बंद गेटसमोर वडा खाऊन परत आलो.

घरच्यांनी विचारायचं नाही. अभ्यास झाला का, किती राहिलं, काय वाटतं, काही नाही. मी नळावर जाऊन सांगून आले, "माझ्या दारान कोनी परीक्षेचं नाव काढलं तर जिवंत खेकडा अंगावर सोडीन." बायांना माहीत होतं मी सोडीन. जनाबाईने गुडघा दाखवायचं बंद केलं. पुढे तो गुडघा फार सुजला आणि ती दुसऱ्याच डॉक्टरकडे गेली.

आणि जेवण. पोर जेवत नसेल तर अभ्यास आहे म्हणून सोडून देऊ नका. अभ्यासाने ओकारी होत नाही.

पुढे

दुसऱ्या वर्षी ती म्हणाली, मी बसते. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "पास व्हायला नाय. आत जाऊन बसायला." डॉक्टरबाईंनी हो म्हटलं. त्या सकाळी अंगणात कोणी नव्हतं. मी तिला गेटपर्यंत सोडली आणि रस्त्यापलीकडे झाडाखाली बसले. घंटा झाली. मी गेटकडेच बघत होते, आता येईल, आता येईल. आली नाही. सगळी मुलं सुटली तेव्हा त्यांच्यात आली. चेहरा पांढरा, पोलक्याच्या बाह्या घामाने ओल्या.

"थरथरले," म्हणाली. "मग थांबलं. जेवढं येत होतं तेवढं लिहिलं."

तिचा नंबर लागला नाही. लागेल असं आम्हाला वाटलंही नव्हतं. तिने बी.एस्सी. केलं, मग शाळेत विज्ञान शिकवलं. सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की आम्ही देवी घालवली. त्यांना मीच सांभाळलं, त्यांच्याशी भांडतच.

बरी झाली असं मी लिहिते, पण पूर्ण नाही. शाळेत परीक्षा असली की वनिता सकाळी डबा नेत नसे. आणि दसरा जवळ आला की तिची झोप जाते.

तिच्या लग्नाच्या आधी एकदा, आम्ही दोघी जाळ्यातला कचरा काढत बसलो होतो. बापाचंच जाळं, विकायचं होतं. तिने मान वर न करता विचारलं, "आये, बाबांना मी मारलं का?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. उत्तर मी तयार केलं नव्हतं. म्हटलं, "मना माहीत नाय. तू पाठवला असता तर तो डॉक्टरकडे गेला असता. तिथे वाचला असता का, तेही मना माहीत नाय. तू आजारी होतीस. आजारी मानसाला औषध विचारायला तो गेला, आनि आमी सगळे बघत होतो."

"म्हंजे मारलं."

"म्हंजे तू आजारी होतीस."

जाळं साफ करून झालं. ते घ्यायला माणूस आला, घेऊन गेला.

तिला असं सांगायला हवं होतं की तुझी काही चूक नाही, असं लोक म्हणतात. मी तिच्याशी खोटं बोलले नाही. खोट्याने आमच्या घरात पुरेसं नुकसान केलं होतं. ती त्यानंतरही माझ्याजवळ येऊन बसते, एवढं मला पुरतं.

त्या वर्षी आमच्या घरात दोघांना आजार होता. एकाचा छातीत होता आणि एकीचा मनात. वनिता जगली.